तेरेझिन: आधी छोटा किल्ला, मग गाव

प्रागला जाणार असाल तर एक पूर्ण दिवस तेरेझिनला द्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी इथल्या छोट्या किल्ल्याचा तुरुंग आणि शेजारच्या गावाची ज्यूंची वस्ती केली होती. होलेशोवित्से स्थानकाजवळून बस सुटते, तासाभरात पोचवते. बहुतेक लोक आधी गावातलं संग्रहालय बघतात आणि किल्ल्याकडे येईपर्यंत थकतात. तुम्ही उलटं करा, आधी किल्ला बघा. गाव तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

प्रशियाच्या स्वारीच्या धास्तीने सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८० मध्ये ही तटबंदी बांधायला घेतली आणि आईचं, मारिया तेरेझाचं, नाव तिला दिलं. शत्रू काही आला नाही. मग छोट्या किल्ल्याचा तुरुंग झाला. ज्याच्या खुनावरून पहिलं महायुद्ध पेटलं त्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला मारणारा गाव्रिलो प्रिन्सिप इथलाच कैदी. विशीच्या आतला म्हणून फाशी टळली, पण १९१८ मध्ये क्षयाने गेला. त्याची कोठडी दाखवतात.

जून १९४० मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, किल्ला ताब्यात घेतला. सुमारे ३२ हजार कैदी इथून गेले, बरेचसे पुढच्या छावण्यांत. कोंदट कोठड्या, लाकडी फळ्यांचे बिछाने बघत आपण पुढे सरकतो आणि एका स्वच्छ खोलीत येतो: ओळीने बेसिनं, वर आरसे. कैद्यांनी ती कधी वापरलीच नाहीत, निव्वळ देखावा! आमच्या पुढचा गट फोटो काढून निघून गेला. तुम्ही थांबा, कारण गावात काय झालं ते या खोलीमुळे नीट कळतं. गाव म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसची पाहणी होती, म्हणून तिथे रंगरंगोटी झाली, आणि गर्दी दिसू नये म्हणून महिनाभर आधी सुमारे साडेसात हजार माणसं ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत पाठवली. पाहुणे समाधानाने परतले.

किल्ल्यात पुढे अर्धा किलोमीटर लांबीचं अरुंद भुयार लागतं. ते थेट गोळ्या घालायच्या जागेजवळ निघतं. बंद जागेची भीती असेल तर ते टाळा, बाहेरूनही वाट आहे. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर हवाच. लहान मुलांना आणूच नये, असं माझं मत.

किल्ला आणि वस्तीचं संग्रहालय मिळून एकत्र तिकीट निघतं, ते स्वस्त पडतं. शनिवारी स्मशानभूमीतली दाहिनी बंद असते, त्यामुळे तो वार टाळा. परतीच्या बसचं वेळापत्रक उतरल्या उतरल्याच फोटोत घेऊन ठेवा, संध्याकाळी गाड्या विरळ होतात.