बारा मिनिटांत न बसलेली मॅच

टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचे तीन तास कापून त्याचा एक तास करणं, हे बरीच वर्षं माझं काम होतं. अंधेरीतल्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत मी एडिटर. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा कार्यक्रम तिकडे रात्री व्हायचा, इकडे पहाटे किंवा सकाळी फीड यायचं, आणि संध्याकाळच्या प्रेक्षकांसाठी त्याची छोटी हिंदी आवृत्ती तयार लागायची. निकाल आधीच ठरलेला असतो म्हणून लोक ज्याला नाटक म्हणत नाक मुरडतात, ते मी फ्रेम-फ्रेम करून पाहिलंय. नाटक असल्याची माझी कधीच तक्रार नव्हती. ते बहुतेक वेळा वाईट नाटक असतं, ही तक्रार होती. आणि वाईट असलेलं कापताना फार लवकर कळतं, कारण ते कुठूनही कापलं तरी रक्त येत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईचा साप्ताहिक कार्यक्रम 'रॉ' घ्या. २०१२ च्या जुलैत तो दोन तासांचा तीन तासांचा झाला आणि ते तीन तास भरायची जबाबदारी पैलवानांवर आली. त्यात अमेरिकेत मॅचच्या मधोमध जाहिराती. त्यामुळे मॅचची चाल जाहिरातींच्या हिशेबाने बांधलेली: पहिली दोन-तीन मिनिटं चांगल्या माणसाची, मग तो रिंगबाहेर आपटतो, वाईट माणूस दोरांपाशी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघतो, ब्रेक. ब्रेकनंतर बघावं तर चांगल्याची मान खलनायकाच्या काखेत. पब्लिक टाळ्यांचा ठेका धरतं, तो उठतो, दोन-चार जोरदार डाव, मग बाहेरून कुणाचं तरी संगीत वाजतं, याचं लक्ष विचलित होतं, मागून गुंडाळून पिन, म्हणजे तीनच्या मोजणीपर्यंत खांदे टेकवून विजय. असल्या चौदा मिनिटांच्या मॅचचे चार मिनिटं करायला मला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे.

तर १९ फेब्रुवारी २०२३. रविवार, शिवजयंती. बाहेर रस्त्यावर सकाळपासूनच पोवाड्यांचे स्पीकर. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमधला 'एलिमिनेशन चेंबर' हा डब्ल्यूडब्ल्यूईचा मोठा कार्यक्रम आमच्याकडे सकाळी साडेसहाला सुरू झाला. माझ्यासोबत असिस्टंट, कागलकडचा पोरगा. घरात पैलवानकी, वडील तालमीत वाढलेले. महिन्यापूर्वी पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली होती. शिवराज राक्षे जिंकला, पण सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या लढतीतल्या गुणांवरून जो गदारोळ उठला होता तो या पोराच्या डोक्यातून अजून उतरला नव्हता. रोज मोबाइलवर तोच डाव मागे-पुढे करून बघायचा. डब्ल्यूडब्ल्यूई त्याच्या लेखी फक्त पगाराचं काम.

त्या दिवशीची ब्रॉक लेस्नर आणि बॉबी लॅशलीची मॅच पाच मिनिटांच्या आत आटपली. लॅशलीने मागून कवळ घातलेली, लेस्नरला सुटता येईना, तर त्याने सरळ मागे लाथ घातली नको त्या जागी. डिस्क्वालिफिकेशन. दोघं एवढे तगडे गडी, वर्षभर एकमेकांशी वैर, आणि शेवट हा.

"दादा, ही निकाली नाही झाली," पोरगा म्हणाला. "आमच्याकडं असलं केलं तर लोक पैसं परत मागतील."

मी म्हटलं, मुद्दाम नाही केली निकाली. पुढे परत लावता यावी म्हणून. तो म्हणाला, "मग परत लावल्यावर तरी कशाला बघायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दोन्ही पैलवानांची शान राखायची म्हणून निकाल टाळायचा, ही या धंद्यातली फार जुनी खोड आहे. हरणाऱ्याची शान जाते ती हरण्याने नाही, पुढच्या आठवड्यात काहीच न घडल्यासारखा तो हसत आला की जाते.

साडेनऊ-दहाच्या सुमारास मुख्य मॅच आली. रोमन रेन्स विरुद्ध सामी झेन. प्रोड्यूसरचा निरोप आधीच आलेला: "मेन इव्हेंट बारा मिनट में बिठा दो." मॅच अर्ध्या तासाहून मोठी. तरी मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. रोमन २०२० च्या ऑगस्टपासून चॅम्पियन, स्वतःच्या सामोअन घराण्याचा प्रमुख. जिमी आणि जेय हे जुळे उसो बंधू त्याचे चुलतभाऊ आणि हुकमाचे ताबेदार. सामी झेन हा क्वेबेकचा, म्हणजे मॉन्ट्रियलच्याच प्रांताचा, सीरियन आईबापांचा मुलगा, कथेत विनोदी पात्र. २०२२ मध्ये तो या घराण्याची खुशामत करत आत शिरला आणि हळूहळू खरोखरच त्यांना आवडू लागला. सगळ्यात शेवटी आवडला तो जेयला, जो त्याच्यावर सगळ्यात जास्त खार खाऊन होता. नोव्हेंबरमध्ये सामीने आपला जुना मित्र केव्हिन ओवन्सला दगा देऊन घराण्याला जिंकवलं, तेव्हा जेयने त्याला मिठी मारली. मग २८ जानेवारी २०२३, 'रॉयल रंबल' हा मोठा कार्यक्रम: ओवन्सला दोराला बेड्या घालून बडवून झाल्यावर रोमनने सामीच्या हातात खुर्ची दिली, मार म्हणाला. सामीने ती रोमनच्याच पाठीत घातली. बाकीचे सामीवर तुटून पडले आणि जेय काही न बोलता रिंगमधून निघून गेला.

हे सगळं महिनोन्‌महिने, आठवड्याला पाच-दहा मिनिटं करत सांगितलेलं. मीच ते कापत होतो, त्यामुळे मला माहीत होतं की त्यात फार थोडं वाया जायचं. बहुतेक प्रसंग खोलीत उभी असलेली चार-पाच माणसं आणि त्यांतल्या एकाचा बदलणारा चेहरा, एवढेच.

तर मॅच. सामी घरच्या मैदानावर, मॉन्ट्रियलमध्ये. आणि मैदानही साधं नाही. ९ नोव्हेंबर १९९७ ला याच इमारतीत, तेव्हा तिचं नाव मोल्सन सेंटर होतं, कॅनडाच्या ब्रेट हार्टने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावून शॉन मायकल्सला विजेता केलं होतं. तिथल्या पब्लिकला आपल्या माणसाशी दगा होणार याची धास्ती कायमची बसलेली. त्या दिवशी ते पब्लिक घंटा वाजायच्या आधीपासून गात होतं.

मी टाइमलाइनवर फुटेज टाकलं आणि सवयीने आधी मधला भाग काढायला गेलो. रोमनने सामीला पकडून ठेवलंय, सावकाश दाबतोय, आणि तोंडाने बोलतोय. पहिल्या रांगेत सामीची बायको बसलेली. रोमन सामीकडे कमी, तिच्याकडे जास्त बघतोय. डाव काहीच चालू नाही. एरवी हे उडवायचं आणि थेट पहिल्या मोठ्या डावावर यायचं. तसं केलं, प्ले केलं, आणि सामी उठून मारायला लागला तर ते खोटं वाटलं. इतका राग कुठून आला? तो राग मी काढून टाकलेल्या तीन मिनिटांत होता.

परत जोडलं. मग उलटं करून बघितलं. मोठे डाव काढायला सुरुवात केली. एक सुपरमॅन पंच काढला, काही फरक नाही. दुसरा काढला, काही नाही. दोन-अडीचच्या मोजणीवर खांदा उचलण्याचे प्रकार होते, त्यांतले निम्मे गेले तरी मॅच उभीच. ज्याच्यासाठी पैलवान पाठी मोडून घेतात ते सुटं सुटं निघत होतं, आणि जिथे दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघतायत तिथे कट मारायला जागा नव्हती. प्रेक्षकांच्या आवाजाचा ट्रॅक आमच्याकडे वेगळा असतो. त्याची वेव्हफॉर्म बघितली तर तेच: डाव बसला की आवाज टोकदार वर जाऊन लगेच खाली, आणि सामी अजून पडलेला असताना, उठेल की नाही या घटकेला, तो रुंद होऊन तसाच राहिलेला.

शेवटाकडे नेहमीचं सामान आलं. रेफरी आडवा. जिमी घुसला, सामीला मारलं. मी मनात म्हटलं, हे घ्या, हे कापतो. आणि जिमीचा बराचसा भाग खरंच कापला. पण मग जेय आला. रंबलनंतर रिंगकडे पाठ फिरवून गेलेला जेय, रोमन आणि सामी यांच्या मधोमध उभा. रोमनने खुर्ची आणून त्याच्या हातात दिली. मार. तीच मागणी, तेवढंच मोठं ओझं, फक्त माणूस दुसरा. जेय उभाच. रोमन त्याच्यावर ओरडतोय, ढकलतोय. जेयचे डोळे सामीवरून हलत नाहीत.

माझ्यामागे असिस्टंटचं मोबाइलवरचं स्क्रोलिंग बंद झालं होतं. "मारतो का?" त्याने विचारलं. मी सांगितलं नाही.

सामीने रोमनवर झेप टाकली, रोमन बाजूला झाला, झेप बसली जेयला. मग खुर्ची रोमनच्या हातात, सामीच्या पाठीवर पुन्हा पुन्हा. एक स्पिअर, म्हणजे धावत येऊन पोटात खांदा, आणि तीनची मोजणी. सामी हरला.

बाहेरून येणारा माणूस ही टीव्हीवरच्या कुस्तीतली सगळ्यात घासलेली युक्ती. त्या एकाच मॅचमध्ये ती दोनदा वापरली गेली. जिमी आला तो निकाल वळवायला. तो काढला तरी चालतं. जेय आला तो ठरवायला, आणि ठरवता न येणं हेच त्या मॅचचं पोट होतं. लेखकांच्या खोलीत मला कुणी विचारणार नाही, पण विचारलंच तर मी एवढंच म्हणेन की आत येणाऱ्या माणसाला त्या क्षणी काहीतरी गमवायचं असू दे. नसेल तर त्याला ड्रेसिंग रूममध्येच बसवा.

कॅमेऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण एडिटरला ते आधी टोचतं. त्या काळी डाव बसायच्या नेमक्या क्षणी कट मारायची आणि कॅमेरा गदगदा हलवायची पद्धत होती. मार खरा वाटावा म्हणून. प्रत्यक्षात डोळ्याला मार दिसतच नाही, नुसता धक्का दिसतो. जेयच्या प्रसंगात मात्र दिग्दर्शकाने हात आवरला. शॉट्स धरून ठेवले. २०२४ पासून एकूणच तिकडचं कॅमेराकाम सावकाश आणि लांब शॉट्सचं झालं आणि मॅचेस न बदलता बऱ्या दिसू लागल्या.

हळू म्हणजे चांगलं, असं मात्र नाही. १९८७ च्या तिसऱ्या रेसलमेनियातली, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमातली, रँडी सॅवेज आणि रिकी स्टीमबोटची मॅच पंधरा मिनिटांचीही नाही आणि पिनच्या प्रयत्नांनी खचाखच भरलेली. तीही मी एकदा एका जुन्या मॅचेसच्या मालिकेसाठी कापायला घेतली होती. अवघड गेली. काही महिन्यांपूर्वी सॅवेजने स्टीमबोटचा गळा घंटेने जायबंदी केलेला. त्यामुळे प्रत्येक झटापट त्या गळ्याकडे जाते नाहीतर तिथून निघते. वेग कितीही असो, एका डावाने दुसऱ्याला जन्म दिलेला असला की कापणाऱ्याची पंचाईत होते.

दुपारी मी प्रोड्यूसरला फोन लावला. बारा मिनिटं होत नाहीत, चोवीस लागतील. पलीकडून शांतता, मग "बाकी का क्या?" मी म्हटलं, लेस्नर-लॅशली दोन मिनिटं, चेंबरच्या, म्हणजे पिंजऱ्यातल्या सहा-सहा जणांच्या, दोन्ही मॅचेसचे फक्त शेवट. महिलांच्या चेंबरमध्ये असुका जिंकली, पुरुषांच्यात ऑस्टिन थिअरीने बेल्ट राखला, एवढं कळलं की पुरे. थोडी घासाघीस झाली. बावीसवर तुटलं. ती दोन मिनिटं मी रोमनच्या एंट्रीतून काढली. त्या माणसाला पडद्यापासून रिंगपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लोकलने दोन स्टेशनं होतात.

संध्याकाळी फाइल गेल्यावर आमच्यात भांडण लागलं. पोराचं म्हणणं, सामीला जिंकवायला हवं होतं. घरचं मैदान, लोक रडतायत, यापेक्षा मोठी वेळ कधी येणार? माझं म्हणणं, हरला ते बरोबर, कारण जेयचा प्रश्न सुटायचा होता. १ एप्रिलला लॉस एंजेलिसजवळ रेसलमेनियाच्या पहिल्या रात्री सामी आणि ओवन्सने उसो बंधूंना हरवून टॅग टीमचे, म्हणजे जोडीच्या कुस्तीचे, बेल्ट घेतले तेव्हा मी त्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, "चांगलं झालं. पण मॉन्ट्रियलएवढं नाही." हे मला खोडता आलं नाही. मॉन्ट्रियलची उधारी तिथे पुरती फिटली नव्हती.

पुढे जेयही रोमनच्या विरोधात गेला, आणि १ जुलैला लंडनमध्ये त्याने रोमनला पिन केलं. रोमनचे खांदे तीनच्या मोजणीपर्यंत टेकण्याची २०१९ नंतरची ती पहिली वेळ. ५ ऑगस्टला डेट्रॉइटच्या समरस्लॅममध्ये दोघं चॅम्पियनशिपसाठी समोरासमोर आले. पुन्हा अर्ध्या तासाहून मोठी मॅच, टेबलं, खुर्च्या, काठ्या. जेय जिंकत असताना तोंड झाकलेला एक माणूस येतो, त्याला रिंगबाहेर ओढतो. जिमी. सख्खा जुळा भाऊ. रोमन जिंकला. भाऊ रोमनसारखा होऊ नये म्हणून ओढलं, असं जिमीने पुढच्या आठवड्यात माइकवर सांगितलं. कारण वाईट नव्हतं. पण त्या मॅचच्या सबंध फुटेजमध्ये मी ते शोधलं, आणि रिंगमध्ये ते कुठेही नव्हतं.