सुकतीला उघडणारं गाव

मालवणला मी पाच-सहा वेळा आलेय. दरवेळी सिंधुदुर्ग पाहिला, सोलकढी प्यायले, रॉक गार्डनच्या कातळावर बसून सूर्यास्त पाहिला आणि परतले. त्या कातळात कुणी राहतं, हे या खेपेला कळलं. तेही माझ्या आठ वर्षांच्या लेकीमुळे आणि सहा वर्षांच्या भाच्यामुळे.

आम्ही जिथे उतरलो होतो, त्या घरच्या आजोबांनी आदल्या रात्री बोटांवर हिशेब मांडला. उद्या वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे दीड. त्याच्या सहा तास आधी, साडेसातला, पुरी सुकती. "सात वाजताच जावा," ते म्हणाले. मग पोरांकडे वळून, "दगड उलटे करू नकात हां. तेंचा घर आसा ता."

सकाळी समुद्र खरोखरच मागे सरकला होता. कातळाच्या खळग्यांत पाणी साचून छोटी छोटी तळी झाली होती. मला त्यांत फक्त पाणी दिसत होतं. पोरं पालथी पडून बघत होती.

"आई, फूल जेवतंय!"

ते समुद्रफूल होतं. नाव फुलाचं, पण आहे प्राणी. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या शुंडकांनी त्याने एक इवलीशी कोळंबी धरली होती. शुंडकांवर डंख मारणाऱ्या पेशी असतात. कोळंबी हळूहळू मधल्या तोंडात गेली, फूल मिटलं. शेजारी पाण्याबाहेर राहिलेली फुलं जेलीच्या गोळ्यांसारखी आक्रसून बसली होती.

भाचा पलीकडच्या तळ्यापाशी कितीतरी वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, हा दगड माझ्याकडे बघतोय."

मला दगडच दिसला, तपकिरी आणि खरबरीत. त्याने बोट दाखवलं तिथे एक डोळा होता, आडव्या बाहुलीचा. मग दगडाची कड सुटली, एक हात वाळूवर आला आणि वाळूवर येताच फिका पडला. ऑक्टोपस! अंगावर काटा आला माझ्या. त्याच्या कातडीत रंगांच्या असंख्य पिशव्या असतात. त्या ताणल्या की रंग पसरतो, सैल सोडल्या की ठिपक्याएवढा होतो. त्याला तीन हृदयं असतात आणि तांब्यामुळे त्याचं रक्त निळं असतं, हे सांगितल्यावर भाच्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

तिथेच मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेलं प्रवाळही होतं. प्रत्येक घरात एक जीव, आणि त्या जीवाच्या आत उन्हावर अन्न बनवणारं शैवाल. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. दगडी प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते तोडणं किंवा नेणं गुन्हा आहे. तरी आम्ही पर्यटक फोटोसाठी बिनदिक्कत त्यावर उभे राहतो. मीही राहिले असेन, आणि ते मनाला लागलं. कोरड्या, उघड्या कातळावरूनच चालायचं, एवढं केलं तरी पुष्कळ वाचेल.

आठ वाजून गेल्यावर पाणी फिरलं. निघताना लेकीने खिशातून वेचलेले शंख काढून तळहातावर मांडले. त्यातल्या एकाला पाय फुटले. शंखी खेकडा! तिने त्याला अलगद पाण्यात सोडलं. मग उरलेले रिकामे शंखही एकेक करून त्याच्याजवळ ठेवले. "तो मोठा झाला की लागतील."

दुपारी भरतीत होडीने किल्ल्याकडे निघालो. तट जवळ येत होता, नावाडी 1664 सालच्या पायाभरणीची गोष्ट सांगत होता. दोघंही काठावर हनुवट्या टेकवून खाली पाण्यात बघत होती.