"गॅस भरा, मिस्त्री"

मे महिन्यात आमच्या परभणीत दुपारी 12 नंतर गॅरेजला येणारा माणूस आधीच तापलेला असतो. त्यात तो एसी बंद पडलेल्या गाडीतून आला असेल तर विचारूच नका. त्या दिवशी मानवतकडचे एक कापसाचे व्यापारी आले. शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, गॅस भरा अन् मोकळं करा."

"मालक, गॅस संपला हे कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? गार हवा येईना. महिन्यात दोन ठिकाणी भरून घेतला."

इथंच माझं डोकं फिरतं. एसीचा गॅस म्हणजे डिझेल नव्हे, रोज जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता भरला तर पुन्हा जाणारच. पण सगळे जोड बघितले, साबणाचं पाणी लावलं. तेलाचा डाग नाही की बुडबुडा नाही.

मग विचारलं, बंद नेमका कधी पडतो? म्हणाले, "रोडवर गाडी पळते तोवर झकास. गावात शिरलं, फाटकावर थांबलं की पाच मिनिटांत फुफाटा."

निम्मं काम इथंच झालं होतं. गेज लावले. उभ्या गाडीत हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबलेल्या गॅसच्या प्रेशरचा काटा 250 ओलांडून वर चढतच गेला, 350 पीएसआयच्या पुढं, आणि कट्कन कॉम्प्रेसरचा क्लच सुटला. प्रेशर स्विच स्वतःचं काम चोख करत होता. कॉम्प्रेसर फुटू नये म्हणून तो बंद करतो, मग ब्लोअर नुसती गरम हवा ढकलत बसतो. पोऱ्याला सांगितलं, कंडेन्सरवर, म्हणजे गॅस गार करणाऱ्या समोरच्या जाळीवर, पाण्याचा फवारा मार. काटा लगेच खाली. म्हणजे उष्णता बाहेर पडायलाच वाट नाही. गाडी पळताना समोरचा वारा आत घुसतो, थांबली की सगळी भिस्त पंख्यावर.

पंखा फिरत होता, आणि तोही जोरात. समोरून जाळीसुद्धा स्वच्छ, कुणीतरी नुकतीच धुतलेली. मी बिलबुकाचा एक कागद फाडून जाळीसमोर धरला. पंखा हवा ओढत असेल तर कागद तिथं चिकटून राहतो. सोडला, तर सरळ खाली पडला.

"मालक, इंजिनच्या तापमानाचा काटाही थोडा वर राहतो का?"

"राहतो की! तुम्हाला कसं कळलं?"

बंपर काढला, कंडेन्सर त्याच्या मागच्या, इंजिन गार करणाऱ्या रेडिएटरपासून सोडवून जरासा पुढं ओढला. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत कापसाच्या तंतूंचा एकसंध थर बसला होता, धुळीनं राखाडी झालेला. कडेनं धरून ओढला तर उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा सोलून हातात आला. हंगामभर गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहायची, तिथला उडता कापूस पंखा आत ओढून घ्यायचा. पाठीमागून हलक्या पाण्यानं जाळी धुतली. जोरात मारलं तर जाळीच्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या मुडपतात आणि दुखणं वाढतं.

बाकी होता दोनदा भरलेला गॅस. मशीननं काढून तोलला तर 680 ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं 450. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्येच साचतो, तिथली गार व्हायची जागा अडवतो आणि प्रेशर अजून वाढवतो. म्हणजे आजार वाऱ्याचा आणि औषधानं तो वाढवलेला. स्टिकर वाचायला दहा सेकंद लागतात, पण वाचतो कोण!

नळ्यांतली हवा ओढून काढायला पाऊण तास व्हॅक्यूम दिला, मोजून 450 ग्रॅम भरला. उभ्या गाडीत काटा 240 च्या आसपास स्थिरावला. झरोक्यातला थर्मामीटर 11 अंशांवर आला. कागद पुन्हा धरला, तो जाळीला घट्ट बसला.

बिल देताना मालकांनी कोपऱ्यात पडलेला तो राखाडी थर उचलला. सवयीनं चिमूटभर तंतू दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढून बघितला.

"धागा आखूड हाय," म्हणाले, आणि टाकून दिला.