आडबाजूचं लिनक्स

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी प्रणाली, आणि तिचे वेगवेगळे अवतार म्हणजे डिस्ट्रो. त्यातलं एखादं आडबाजूचं लिनक्स वाढतं ते स्वतःच्या गुणांइतकंच मोठ्या नावांच्या हट्टापायी, असं माझं मत होत चाललंय.

लिनक्स मिंटचंच बघा. क्लेमाँ लफेब्र यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं आणि काही वर्षं ते उबुंटू या मोठ्या डिस्ट्रोच्या सावलीतच होतं. मग आला एप्रिल २०११. त्याच महिन्यात ग्नोम या डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीची, तिसरी आवृत्ती निघाली आणि उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप आणला. पट्टी, मेन्यू, खिडक्यांची बटणं, सगळी हाताची सवय दोघांनी एकदम मोडली. मिंटने काय केलं? लोकांचा मेन्यू जागच्या जागी ठेवला. त्यापायी पुढे सिनॅमन हा अख्खा डेस्कटॉप लिहावा लागला, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळाच्या यादीत मिंट पहिलं आलं. पण ती यादी मोजते काय, तर कुठल्या डिस्ट्रोचं पान रोज किती जणांनी उघडलं. म्हणजे इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडूच्या गाड्यापुढची गर्दी मोजायची आणि तेवढ्या प्लेटी खपल्या म्हणायचं!

प्लेटी खपतात त्या आमच्या लोकमान्य नगरात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली. अकराव्या विंडोजला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपमध्ये नाही. "चालता लॅपटॉप भंगारात घालू का?" काकूंनी विचारलं. माझ्या भाच्याने पेन ड्राइव्ह लावला, चहा होईतो मिंट त्यावरूनच चालवून दाखवलं आणि मग लॅपटॉपमध्ये रीतसर बसवून दिलं. काकूंना पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल, नाटकं आणि बँकेची पीडीएफ एवढंच हवं असतं. लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. पण भजनी मंडळात मात्र बातमी गेली, आणि आता रविवारी आमच्या ओट्यावर लॅपटॉप येऊ लागलेत. काही तर पार धुळीने माखलेले. मिंट कितीही चांगलं असो, अडलं की भाचा फोन उचलतो, म्हणून ते कॉलनीत पसरलं.

भाचा स्वतः कॅचीओएस वापरतो. आर्च या जाणकारांच्या, सतत बदलत्या लिनक्सवर बेतलेलं, गेमसाठी चपळ, २०२५ मध्ये त्या गर्दीच्या यादीत पहिलं पोचलेलं. मंडळातल्या एका आजींनी ते बघून विचारलं, "हे छान दिसतंय, माझ्या लॅपटॉपवर हेच टाक ना."

"नको आजी," तो म्हणाला, "मग मला तुमच्याकडेच राहायला यावं लागेल."