चावदिसाचे पोहे आणि काकूंचा डबा

नरक चतुर्दशी, रात्री साडेदहा. कुडाळजवळचं आमचं गाव.

पोट अजून तुडुंब आहे, पण आजचं आजच लिहून ठेवते.

परवा मुंबईला ऑफिसात फराळ झाला. चार टेबलं जोडली, वर वर्तमानपत्रं अंथरली आणि ज्याने त्याने आपला डबा उघडला. कोल्हापूरचं भडंग, पणजीच्या मैत्रिणीच्या नेवऱ्या (म्हणजे आपल्या करंज्याच), तीन घरच्या तीन चवींच्या चकल्या. आणि अकाउंट्समधल्या काकूंचे अनारसे! तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून गुळात मळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा तो खसखस वर ठेवूनच. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. कड कुरकुरीत, मध्ये छान जाळी. नोकरी सांभाळून काकू हे करतात, मला फार कौतुक वाटतं. मी तीन खाल्ले. उरलेले सहा त्यांनी डब्यासकट माझ्या हातात ठेवले. "आईला ने."

आज चावदीस. पहाटे उटणं, आंघोळ, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट (छोटं कडू रानफळ) फोडलं, कडू बी जिभेला लावली. मग पोहे. नव्या भाताचे, तांबडे. दूधपोहे, दहीपोहे, गूळ-खोबऱ्याचे, फोडणीचे आणि सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार. आपल्या घरचे खाऊन वाडीत घरोघर जायचं, तिथेही पोहेच, आणि तरी प्रत्येक घरची चव निराळी. थोरल्या काकीने तर ताटलीवर हात धरूच दिला नाही. "खा गो चेडवा, सुकलंस मुंबयत." मी खाल्ले. तिने पहाटे तीनला उठून खोबरं खवलेलं, नको कशी म्हणू?

लहानपणी आई लाडू मोजून द्यायची, दिवसाला एक. बाकीचे माळ्यावर, पाहुण्यांसाठी. आज तिने डबाच पुढ्यात ठेवला आणि स्वतः चुलीपाशी गेली. मला भरून आलं.

अनारसा तिने आधी प्रकाशात धरून जाळी पाहिली, मग खाल्ला. "पीठ बरा मुरलाहा," म्हणाली.

आत्ता काकूंचा डबा घासून पुसून त्यात तांबडे पोहे भरतेय. दाबून दाबून. रिकामा डबा आमच्याकडून जात नाही. झाकण लागेना, तर वरून सुतळी बांधतेय.