समोरासमोर : इन्फ्रारेडच्या कामातली आमची वाटचाल

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते टीव्ही आणि रिमोट दुरुस्तीचं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, केबल घरोघरी आली होती आणि रोज कुणाचा ना कुणाचा रिमोट हातातून पडून बंद व्हायचा. थोरल्या भावाचा हात सोल्डरिंगला बसलेला, हिशेब वहिनींकडे. सुटे भाग आणायला मी पुण्याच्या तापकीर गल्लीत, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचो. आज आम्ही एसी आणि प्रोजेक्टर फोनवरून चालवणारे छोटे बॉक्स बनवतो. इतक्या वर्षांत धंदा बराच बदलला, आमचा माल मात्र एकच राहिला : इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तो उजेड.

रिमोटमधला एलईडी नुसता पेटत नाही, सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा लुकलुकतो. म्हणून तर ऊन आणि ट्यूबलाइटच्या उजेडातून टीव्हीला तो वेगळा ओळखता येतो. हा 38 चा आकडा मला फार आवडतो. जुन्या रिमोटांत 455 किलोहर्ट्झचा रेझोनेटर असायचा, म्हणजे सेकंदाला 455 हजार वेळा कंप पावून ताल धरणारा छोटा भाग. रेडिओसाठी हाच आकडा चालत असल्यामुळे तो भाग स्वस्तात मिळायचा. त्याला 12 नं भागा, जवळपास 38 येतात. रिमोट आपटला की बहुतेक वेळा हाच रेझोनेटर तडकायचा. तो बदलला की रिमोट पुन्हा चालू, आणि गिऱ्हाईक खूश.

मग मोबाइल आले. फोनमधल्या इन्फ्रारेडचे नियम ठरवणारी इर्डा ही संस्था 1993 सालची. नोकिया 6110 सारख्या फोनात तो पोर्ट आला, आणि आमच्याकडे त्याची खरी चलती झाली ती 6600 च्या काळात. काउंटरवर दोन फोन, त्यांच्या काळसर काचा समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर. काम चालू असताना हात मध्ये आला की कनेक्शन तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. वेग सेकंदाला फार तर 115 किलोबिट, म्हणजे एक एमबीला दीड मिनिट सहज जायचं. गाण्याला लोक थांबायचे, चहा व्हायचा. पण आमचं मुख्य काम नंबरांचं होतं. नवा फोन घेतलेला हळदीचा व्यापारी यायचा आणि म्हणायचा, "दादा, जुन्यातले सगळे नंबर यात टाका की, एक पण गाळू नका." त्याच्या दृष्टीनं फोनपेक्षा ते नंबर महाग होते. संगणकाला यूएसबीचा इर्डा डोंगल, म्हणजे इन्फ्रारेड पकडणारं छोटं यंत्र, लावून ते आधी संगणकावर उतरवायचे आणि मग नव्या फोनात घालायचे, ही पद्धत आम्ही कायम पाळली.

ब्लूटूथ आल्यावर हे काम आटलं. फोन खिशात ठेवूनही फाइल जाते म्हटल्यावर समोरासमोर कोण ठेवणार? ब्लूटूथनं फाइल पाठवण्याची रीत, ओबेक्स, मुळात इर्डासाठी तयार झाली होती. हे आमच्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

मधल्या काळात भावानं एक सुंदर काम केलं. हेडफोनच्या पिनेला दोन इन्फ्रारेड एलईडी उलटसुलट जोडायचे आणि फोनवरून 19 किलोहर्ट्झचा आवाज सोडायचा, डाव्या-उजव्या बाजूंना एकमेकांच्या उलटा. अर्ध्या लाटेला एक एलईडी पेटतो, उरलेल्या अर्ध्या लाटेला दुसरा. मिळून झाले 38. फोनच्या ऑडिओला 20 च्या फार वर जाता येत नाही, त्यावर हा तोडगा. ही युक्ती जगभर वापरली गेली, पण आमच्या टेबलावर तिनं पहिल्यांदा टीव्ही चालू केला तो आनंद वेगळाच होता.

2013 मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस4 आणि एचटीसी वन या फोनांत रिमोटसाठी एलईडी आला. त्याच वर्षी अँड्रॉइड 4.4 मध्ये अॅपवाल्यांसाठी सरळ सोय झाली : वारंवारता सांगा, पेटणं-विझणं किती मायक्रोसेकंद ते सांगा, फोन पाठवतो. पुढं शाओमीच्या फोनांमुळं ही सोय साध्या माणसाच्या हातात आली. मोठ्या कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनांतून ती काढून टाकली याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्ही तेव्हापासून वेगवेगळ्या रिमोटांचे कोड, म्हणजे त्यांच्या लुकलुकण्याचे नमुने, जमवायला लागलो. टीव्हीचं सोपं असतं. एक बटण, एक कोड. एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला सगळंच पाठवतो : चालू की बंद, किती तापमान, पंख्याचा वेग, झडपांची दिशा. शिवाय बऱ्याच मॉडेलांत शेवटी ताळा असतो, म्हणजे आधीचं सगळं नीट पोहोचलं का ते तपासणारा आकडा. तो जुळला नाही तर एसी ढिम्म. म्हणून रिमोट रिसीव्हरसमोर धरायचा, 16 पासून 30 पर्यंत एकेक अंश वाढवायचा आणि दर वेळी कोडातला कुठला बिट (0 किंवा 1) बदलला ते लिहून घ्यायचं. मग पंखा, मग झडपा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत हे सगळं वेगळं निघू शकतं. आमच्या मुलांनी हे काम ज्या चिकाटीनं केलं, तीच आमच्या फर्मची खरी कमाई.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर लोक चिखलानं भरलेले रिमोट पिशवीत घालून आणायचे. भिंतीवर उंच बसवलेला एसी वाचलेला, रिमोट मात्र खाली टीपॉयवर राहिलेला. एका दवाखान्याला सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं होतं, या मॉडेलचा रिमोट आता मिळत नाही, एसीच बदला. आमच्याकडे कोड होता. डॉक्टरांच्या कंपाउंडरच्या फोनात शाओमीचा एलईडी होता, त्यावर बटणं बसवून दिली. त्या दिवसांत अशा कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

आता बॉक्सविषयी. तो छताला लागतो, वाय-फायवरून हुकूम घेतो आणि 940 नॅनोमीटरच्या चार एलईडींतून खोलीभर पाठवतो. एसी उलट काही बोलत नाही, हुकूम पोहोचला की नाही हे कळायला मार्ग नसतो. म्हणून बॉक्समध्ये तापमानाचा सेन्सर घातलाय : ठरावीक वेळात हवा गार झाली नाही तर तोच कोड पुन्हा जातो. शाळा-कॉलेजांत याला चांगली मागणी आहे, कारण चालू स्थितीतला जुना एसी किंवा प्रोजेक्टर फेकावा लागत नाही. शिवाय इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळं शेजारच्या वर्गातला एसी चुकून बंद होत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांना एकच विनंती असते. रिमोट बिघडायची वाट बघू नका. चालू असतानाच दुकानात आणा, कोड उतरवून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत. रिमोटचा एलईडी पेटतोय का हे घरीच बघायचं असेल तर फोनचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर एलईडी शाबूत आहे.