मैफल कशाने जमते, कशाने मोडते

गायकाचे नाव मोठे असले म्हणजे मैफल रंगणारच, ही समजूत मी फार पूर्वीच सोडून दिली. शास्त्रीय संगीताच्या ज्या मैफली मनात घर करून राहिल्या आणि ज्यांच्या आठवणीने आजही चीड येते, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर कलावंताच्या तयारीपेक्षा ध्वनियोजना, वेळ आणि श्रोते यांनीच त्यांचे भवितव्य ठरवल्याचे दिसते. त्यातही ध्वनीचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि आपण रसिक मंडळी नेमके त्याविषयीच सर्वांत कमी बोलतो.

मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसानिमित्त संगीतसभा होते. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर याच दर्ग्यात आहे. ते 1937 साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ गाण्या-वाजवण्याची ही परंपरा तेथे जपली गेली आहे. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. चिंचेच्या झाडाखाली बैठक मांडलेली असते आणि हातात फुले घेऊन दर्शनाला आलेली माणसे वाटेत थांबून ऐकतात. तेथे ऐकलेला एक शुद्ध कल्याण राग मी विसरू शकत नाही. गायक तरुण होता, त्याचे नाव मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. त्याने गाण्यापूर्वी तानपुरे लावायला भरपूर वेळ घेतला, पट्टी पुन्हा पुन्हा तपासली, तारेला गुंजन देणारा जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवला, आणि कोणीही घाई केली नाही. ज्या गावाच्या तंतुवाद्यांवर देशभरातले गवई विसंबून असतात, ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावात तानपुरा लागेपर्यंत थांबणे हे श्रोत्यांच्या अंगवळणीच पडलेले असावे. खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार स्पष्ट ऐकू येऊ लागला, तेव्हा त्याने षड्ज (सा) लावला.

शुद्ध कल्याण हा राग मी मुद्दाम सांगतो आहे. आरोहात तो भूप रागासारखा चालतो. त्याचे वेगळेपण उतरताना कळते, षड्जावरून धैवताकडे आणि पंचमावरून गंधाराकडे येणाऱ्या मिंडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यात, निषाद आणि तीव्र मध्यम नुसते स्पर्शून जातात. शिवाय या रागाचा बराचसा जीव मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात असतो. त्या रात्री प्रत्येक मिंड सुरू कोठे झाली, कोणत्या स्वराला ओझरती भेटली आणि कोठे विसावली, हे मागे बसलेल्यालाही कळत होते. ध्वनिवर्धक साधेच होते, पण आवाज माफक ठेवलेला होता आणि तबल्याचा ठेका गाण्याच्या खालीच राहत होता. विलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालाच्या एका आवर्तनाला जवळपास मिनिटभर वेळ लागत होता, तरीही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची वाट पाहणे जड गेले नाही.

पुढे एका मोठ्या शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहात मी हाच राग एका ज्येष्ठ आणि नामवंत गायिकेकडून ऐकायला गेलो. ज्यांची मिंड ऐकण्यासाठी मी प्रवास करून गेलो होतो, त्यांच्या आवाजाला ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने इतका प्रतिध्वनी जोडला होता की एक स्वर विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर चढत होता. मिंडेत अशाने दोन स्वरांमधला प्रवासच पुसला जातो, आणि शुद्ध कल्याणात तो पुसला की मागे भूप उरतो. डग्ग्याचा घुमारा वाढवून ठेवल्यामुळे मंद्रातले आलाप बुडाले. बाईंनी हाताने खूण केली, मग तोंडाने सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या मॉनिटरचा आवाज वाढवला गेला. तो मायक्रोफोनमध्ये परत शिरला आणि कर्कश शिट्टी वाजली. त्यानंतर त्यांनी मंद्र सोडून दिला. जे ऐकू जात नाही ते गाणार तरी कोणासाठी? तार सप्तकात आणि द्रुत लयीत त्या लवकर गेल्या, टाळ्या भरपूर मिळाल्या, आणि बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ ‘आज बाईंचा आवाज लागला नाही’ असे म्हणाले. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण आवाज लागलेला होता. तो आमच्यापर्यंत येऊ दिला गेला नव्हता.

हा दोष यंत्रांचा नाही. ख्यालगायनात सर्वांत हळू उमटणारी गोष्टच अनेकदा सर्वांत महत्त्वाची असते, हे ध्वनियंत्रणा हाताळणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. मिरवणुकीला, वाद्यवृंदाला आणि विलंबित ख्यालाला एकच मोजमाप लावले, तर दुसरे काय होणार?

वेळेची गोष्ट थोडक्यात सांगतो. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री 10 वाजता थांबवावे लागतात. वर्षातल्या ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. आजारी माणसांचा आणि लहान मुलांचा विचार करता हे नियम मला योग्यच वाटतात. परंतु वेळ मोजकी आहे हे ठाऊक असूनही सत्कार, प्रायोजकांचे आभार आणि पाहुण्यांची भाषणे यांत तासभर घालवला जातो, तेव्हा मला सात्त्विक संताप येतो. अशा एका संध्याकाळी शेवटच्या गायकाला अर्धा तास उरला होता. त्यांनी तो तक्रार न करता स्वीकारला आणि विलंबित ख्याल न गाता एक मध्य लयीतली बंदिश मांडून कार्यक्रम संपवला. शाली मात्र सगळ्यांच्या खांद्यावर पडल्या होत्या.

श्रोत्यांच्या बाबतीत माझा अनुभव बराचसा चांगला आहे, आणि त्याचे श्रेय मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला देतो. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. मंडपात हजारो माणसे असतात, बाहेर खाण्याच्या दालनांवर गर्दी असते, तरीही भारतीय बैठकीवर पुढे बसलेली मंडळी षड्ज लागताच ज्या तत्परतेने गप्प होतात, ती पाहण्यासारखी असते. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते. समोर कलावंत नाही, टाळी घेणारे कोणी नाही, तरी माणसे ती मुद्रिका संपेपर्यंत थांबतात. गर्दीला शिस्त लावता येत नाही असे म्हणणाऱ्या संयोजकांनी हे एकदा येऊन पाहावे, असे मला मनापासून वाटते.

अलीकडे ऐकलेली सर्वांत चांगली मैफल मात्र एका घराच्या दिवाणखान्यात झाली. सकाळची वेळ, ध्वनिवर्धक अजिबात नाही, गायक आणि पहिली रांग यांत दोन हातांचे अंतर, आणि राग तोडी. कोमल गंधाराचे आंदोलन इतके जवळून ऐकले की तो स्वर ध्वनिमुद्रणांत किती सपाट होऊन येतो हे प्रथमच लक्षात आले. यजमानांनी निवेदन दोन वाक्यांत आटोपले, फोन आधीच बंद करून घेतले होते, आणि सत्कार गाणे संपल्यावर चहाबरोबर झाला. हेच यजमान आता एका छोट्या सभागृहात वर्षभराची मालिका करणार आहेत, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला कलावंताच्या रियाजाला बसवायचे, असे त्यांनी ठरवले आहे. त्या मालिकेची वर्गणी मी भरली आहे.